कोराडी तलाव, चौदा मिनिटं

गोळीबार चौक, नागपूर
रविवार, ८ डिसेंबर २०२४

चि. सौ. हर्षास,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तिकडे हैदराबादला तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. थंडी चांगली पडली आहे. तुझ्या आईचे गुडघे थंडीत दुखतात. माझे बारा महिने दुखतात, म्हणून त्यांची बातमी होत नाही. स्टुडिओ चालू आहे, म्हणजे शटर रोज वर जातं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, आधार कार्डाचं लॅमिनेशन. काल एक जण आला, म्हणाला, "काका, फोटोतला चष्मा काढून देता का?" मी म्हटलं, तूच काढ ना गा, मी परत फोटो घेतो. तर म्हणतो, "चष्म्याबिना मले कॅमेरा दिसत नाही, तुमी कॉम्प्युटरवर काढा." काढला. सदुसष्टाव्या वर्षी लोकांचे चष्मे काढून राहिलो आहे.

कागदाचं पत्र पाहून घाबरू नकोस, कोणी आजारी नाही. फोनवर आपलं बोलणं "जेवलीस का" आणि "थांब, आईला देतो" याच्या पुढे जात नाही. आज मला जरा लांब बोलायचं आहे.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा आई आत भाकरी करत होती आणि मी मधलं दार लोटून दुकानात बसलो होतो. फोनचा स्पीकर बंद होता, तरी मला सगळं ऐकू आलं. आमच्या बाबांच्या हातमागावर एक धागा तुटला की खटक्याचा आवाज बदलायचा, आणि तो ओळखला नाही तर पाठीत धपाटा बसायचा. कान तेव्हापासूनचे आहेत, त्यांना मी काय करू? तू सांगत होतीस की जुना फिल्मचा कॅमेरा विकत घेतला, रात्री तलावावर जाऊन एक पूर्ण रोल काढला, आणि धुऊन आला तर निम्मा कोरा, दोन फोटो मधोमध कापलेले. आई म्हणाली, "कायले पायजे तुले आता कॅमेरा?" तू हसलीस. मग म्हणालीस, "बाबांना सांगू नको."

आईने शब्द पाळला आहे. मला तिने काहीही सांगितलेलं नाही.

तर न विचारता सांगतो. कापलेल्या फोटोंची चूक तुझी नाही. लॅबवाला पट्टी कापताना एक फोटो कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते कडांवरून बघतो. रात्रीच्या फोटोला कडाच नसते, काळ्यात काळं. म्हणून रोल घातला की पहिला फोटो दिवसा घे, कशाचाही, गच्चीवरच्या टाकीचा घे. त्याला एक कड सापडली की पुढचं मापाने कापतो. आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिही, "कापू नये". तरी कापेल, पण मग तुला भांडता येईल.

स्टँड जमिनीत रोवून वर पिशवी अडकव, पिशवीत वीट घाल. बटण बोटाने दाबू नकोस, केबल लाव. आधी काळा पुठ्ठा लेन्ससमोर धर, मग शटर उघड, कॅमेऱ्याची थरथर थांबू दे, मग पुठ्ठा काढ. हिवाळ्यात लेन्सवर दव बसतं आणि ते डोळ्याला दिसत नाही. दर दोन फोटोंनंतर तिच्यावर बॅटरी मार. घरात बल्बच्या उजेडात काढायचं असेल तर चारशे स्पीडची फिल्म सोळाशेची समजून वापर आणि लॅबवाल्याला ते सांग, म्हणजे तो धुताना जास्त वेळ ठेवेल. कोपर बरगडीला चिकटव, श्वास सोडून झाल्यावर दाब. फ्लॅश नको. फ्लॅशने सगळी माणसं पोलीस ठाण्यातली दिसतात. चाळीस वर्षं लग्नात मी हेच करत आलो.

शटर एका सेकंदावर ठेवून कॅमेरा कानाला लावून ऐक. बंद होतानाची "टक" लांबली तर आतलं तेल सुकलं आहे.

आणि शेवटचं. उजेड मोजायच्या मीटरवर विश्वास ठेवू नकोस. दिवसा फिल्म इमानदार असते. अंधारात ती सुस्तावते. मीटरने एक मिनिट सांगितलं तर एका मिनिटात तिला काही समजत नाही, तीन लागतात. चार सांगितलं तर बारा, पंधरा.

हे तुला माहीत आहे. तरी लिहिलं.

बाकी एक बातमी. गौरांग नावाचा एक मुलगा हल्ली स्टुडिओत चकरा मारून राहिला आहे. आर्किटेक्ट आहे, सव्वीस-सत्तावीसचा. नागपुरातले रात्रीचे जुने फोटो जमवतो, सगळे फिल्मवरचे, आणि जानेवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी त्यांचं प्रदर्शन करणार आहे. त्याला आपला कोराडीचा फोटो हवा आहे, काउंटरच्या मागे लावलेला. निगेटिव्हपण मागितलं, मोठी प्रिंट काढायला. मी दिलं. दोन शब्द बोला असंही म्हणतो. बघू.

जावईबापूंना आणि श्वेताला आशीर्वाद. तिची दहावी आहे, तिला जास्त रागावू नकोस.

तुझा,
बाबा


मंगळवार, १७ डिसेंबर

चि. हर्षा,

आधीचं पत्र मिळालं असेल. तू आईला फोन केलास तेव्हा पत्राबद्दल काही बोलली नाहीस. मी ऐकत होतो, हे आता तुलाही माहीत आहे, त्यामुळे बोलली नसशील.

मागच्या पत्रात मी खूप विटा आणि पुठ्ठे लिहिले. लिहायचं दुसरंच होतं.

गौरांग शनिवारी परत आला. बरोबर लॅपटॉप होता, त्यात कोराडीचं निगेटिव्ह मोठं करून ठेवलेलं. मी चहा सांगितला. रुपराव नेहमीप्रमाणे बाकावर पेपर वाचत होता. वाचत होता म्हणजे कान इकडे होते, पण त्याचे कान साधे आहेत. गौरांग म्हणाला, "काका, हा कोळशाचा रस्ता आहे. रात्रभर ट्रक जातात. फोटोत हेडलाइटची एकही रेघ नाही. कसं केलं?"

हा प्रश्न मला आवडतो. सव्वीस वर्षांत शंभर वेळा उत्तर दिलं असेल. रस्त्याकडे तोंड करून बसायचं, ट्रक वळणावर दिसायच्या आधी त्याचा आवाज पकडायचा, लेन्स झाकायची, ट्रक गेला की उघडायची. तो मन लावून ऐकत होता, मोबाइलवर रेकॉर्ड करत होता. मग म्हणाला, "आणि एकूण किती वेळ शटर उघडं ठेवलं होतं?"

मी म्हटलं, चार मिनिटं.

चांगला मुलगा आहे, मोठ्या माणसाला खोटं पाडायचं त्याच्या जिवावर आलं. चिमणीच्या वर, डाव्या कोपऱ्यात, मी आजवर ज्याला निगेटिव्हवरचा ओरखडा समजत होतो ते त्याने पडद्यावर मोठं केलं. तो तारा आहे. शटर उघडं असताना तारा सरकतो आणि त्याची बारीक रेघ उमटते. रेघेच्या लांबीवरून वेळ काढता येतो म्हणे, त्याने गणित करून आणलं होतं. "काका, हे चौदा मिनिटांच्या खाली नाही. आणि बघा, रेघ पाच जागी तुटली आहे. तुम्ही लेन्स झाकली तेव्हा. पाच ट्रक."

रुपराव पेपरातून म्हणाला, "जागेश्वर, तुले तुझाच फोटो माहीत नाही का गा?"

मी हसलो. माझं हसणं तुला माहीत आहे, गिऱ्हाइकाला फोटो आवडला नाही की हसतो तसं. म्हटलं, वय झालं, विसरलो. गौरांगला ते पटलं. तो निघून गेला आणि मी दुपारीच शटर खाली ओढून आत बसून राहिलो. आईला वाटलं बीपी वाढलं.

हर्षा, विसरलो नव्हतो. मला कधी माहीतच नव्हतं. मी तलावाकडे पाठ करून बसलो होतो.

नोव्हेंबर १९९८. तू बारावीत. मोटारपंपवाल्या महादेवरावांना दुकानाच्या कॅलेंडरसाठी विजेचा फोटो हवा होता, रात्रीचं पॉवर स्टेशन आणि तलावात पडलेले त्याचे दिवे. त्याआधी दोन रविवार मी जाऊन आलो होतो. मीटरने सांगितलं तेवढा वेळ दिला. दिवे आले, पाणी डांबरासारखं. तिसऱ्या रविवारी तू स्कूटरवर मागे बसलीस. आई दारातून ओरडत होती, "पोरीच्या जातीले रातच्या वेळी कुठी घेऊन चालले?" आणि आपण दोघं हसत निघालो. पोचल्यावर तू म्हणालीस, "आज मी घेते."

मी कंटाळलो होतो, घे म्हटलं. तू स्टँड माझ्या जागेवरून उचलून खाली पाण्याजवळ नेलास, राखेच्या चिखलात. माझी टोपी मागून घेतलीस, लेन्स झाकायला. मला म्हणालीस, "बाबा, तुम्ही रस्त्याकडे तोंड करून बसा. तुम्हाला ट्रक आधी ऐकू येतो."

मी बसलो. आला, म्हणायचो. गेला, म्हणायचो. टोपी लावताना तुझ्या बांगड्या वाजायच्या, त्यावरून मला कळायचं की झाकलं. चार मिनिटांनी मी म्हटलं, कर बंद.

"थांबा ना."

"फिल्म जळते वं."

"अजून पाणी आलं नाही."

ते वाक्य मला जसंच्या तसं ऐकू येतं. तू घड्याळही बघत नव्हतीस, मनात मोजत होतीस, ट्रक आला की जिथे थांबलीस तिथून पुढे. मी दर मिनिटाला बंद कर म्हणत होतो. शेवटी रागावून स्कूटरकडे गेलो आणि सीटवर बसून राहिलो, तिथूनच आला-गेला ओरडत होतो. परत येताना तू मागून मला समजावलंस, दिव्यांना चार मिनिटं पुरतात, पण पाण्यावर त्यांचा चौथा हिस्साही उजेड नाही, आणि एवढ्या कमी उजेडात फिल्म हळू चालते. कुठे शिकलीस विचारलं तर म्हणालीस, "तुमच्याच मागच्या दोन रोलवरून."

त्या रोलमधला तो फोटो डार्करूममध्ये ट्रेमध्ये वर आला. आधी दिवे, मग चिमण्या, मग हळूहळू पाणी, आणि त्या पाण्यात उभे थरथरते दिवे. तू माझ्या बाजूला उभी होतीस. मी काय म्हणालो ते आठवत नाही. तुला आठवत असेल.

प्रिंट वाळली, आणि बाकी सगळ्या प्रिंटवर मारतो तसा मी तिच्या मागे शिक्का मारला. ज्योती फोटो स्टुडिओ, फोटो: जागेश्वर हेडाऊ. खरं सांगतो, मारताना मनात काही नव्हतं. हाताची सवय. महादेवरावांनी मागची बाजू वाचली आणि छापखान्यात तसंच सांगितलं. इथपर्यंत चूक होती. पुढे पेपरात आलं, पॉवर स्टेशनच्या कॉलनीतले इंजिनिअर लोक लग्नाच्या ऑर्डरी घेऊन यायला लागले, कोणीही विचारलं की मी सांगायचो, कान वापरावे लागतात साहेब. मी स्वतःलाही तेच सांगत होतो. ट्रक कोणी ऐकले? मी. मग फोटो माझा. निम्मा तरी.

आता त्या पोराने तारा काढून दाखवला. तुटलेल्या पाच जागा माझ्या आहेत. अख्खी रेघ तुझी आहे, आणि मी म्हणत होतो तिथे थांबली असतीस तर तो फोटो झाला नसता. पाणी आलं नसतं.

कॅलेंडर घरी आलं त्या दिवशी तू ते उघडलंस, खाली लिहिलेलं नाव वाचलंस आणि स्वतःच्या हाताने खिळ्याला लावलंस. त्या रविवारी मी स्कूटर काढून आवाज दिला तर म्हणालीस, अभ्यास आहे. पुढच्या रविवारीही. मग मी आवाज देणं सोडलं. तू भांडली असतीस तर बरं झालं असतं असं मी खूप वर्षं म्हणत आलो, जणू भांडणं हेही तुझंच काम होतं.

अजून एक आहे, आणि हे तुला माहीत नाही. लोक विचारायचे, पोट्टी येत नाही का आता? मी सांगायचो, मीच बंद केलं, रात्रीच्या वेळी मुलीला कुठे न्यायचं, हिच्या आईच्या जिवाला घोर लागतो. तुझ्या आईने ते ऐकलं. तिला आजपर्यंत वाटतं की त्या रविवारी ती दारातून ओरडली म्हणून मी तुला न्यायचं सोडलं, आणि म्हणून तू आमच्यापासून तुटलीस. सव्वीस वर्षं ती हे घेऊन बसली आहे. मला दिसत होतं. मी तिला ते घेऊन बसू दिलं, कारण ते तिच्याकडे होतं तोवर माझ्याकडे नव्हतं.

लेबलं तीस तारखेला छापायला जातील. गौरांगला अजून काही सांगितलेलं नाही. आधी आईला सांगणार आहे. थकलो आहे, हर्षा. सगळ्यांशी हसून बोलायचा फार कंटाळा आला आहे.

बाबा


सोमवार, ६ जानेवारी २०२५

हर्षा,

तुझं उत्तर नाही. मागत नाही. काय झालं तेवढं कळवतो.

आईला मी पत्र टाकलं त्याच संध्याकाळी सांगितलं. ती वाटाणे सोलत होती. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, तिने सोलणं थांबवलं नाही. सगळ्या शेंगा संपल्यावर टरफलं एका कागदात गुंडाळली आणि म्हणाली, "मंग मी इतकी वर्षं सोताले काहून शिव्या देऊन राहिली?"

त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढते, गोळ्या काढून ठेवते, चहा मधल्या दारात ठेवते, पण बोलत नाही. तुझा फोन आला की घेऊन गच्चीवर जाते आणि वरून दार लावते. त्या दिवसापासून तुम्ही दोघी काय बोलता मला माहीत नाही, आणि ते बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी गौरांगला बोलावलं आणि त्यालाही सांगितलं. त्याने मला वाट काढून दिली, पोरगा सुशिक्षित आहे. म्हणाला, "काका, दोन्ही नावं टाकू. ऐकणं हाही फोटोचाच भाग आहे. हे तर अजून इंटरेस्टिंग होईल." खोटं सांगत नाही, मला मोह झाला. उद्या सांगतो म्हटलं. निम्मं नाव मिळत होतं, तेही मान वर ठेवून. अख्खी रात्र मी ते दोन्ही नावांचं लेबल डोळ्यांसमोर वाचून पाहिलं. दर वेळी माझं नाव वरच्या ओळीत यायचं.

सकाळी त्याला लिहून दिलं: कोराडी तलाव, नोव्हेंबर १९९८, चौदा मिनिटं. फोटो: हर्षा हेडाऊ. सासरचं नाव लावलं नाही, तेव्हा तू हेडाऊ होतीस. चालेल ना?

शनिवारी प्रदर्शन उघडलं. मला वाटलं होतं, नाव लागलं की झालं. पण लोकांना तू माहीत नाहीस, मी माहीत आहे. आपल्या भागातलेच कितीतरी आले होते, जुनी गिऱ्हाइकं, कॉलनीतून रिटायर झालेले. येत होते, लेबल वाचत होते आणि येऊन माझा हात धरत होते. "वा जागेश्वरजी, मुलीच्या नावावर केला फोटो." "आजकाल कोण करतो असं?" एक बाई तर डोळे पुसत म्हणाल्या की बाप असावा तर असा. मी म्हणत होतो, अहो, तिचाच आहे. ते म्हणत होते, हाच तर मोठेपणा. जितकं खरं सांगावं तितका मी मोठा होत चाललो. रुपराव कानाशी येऊन म्हणाला, "चूप राय ना गा. सगळ्यायचं भलं झालं. पोट्टीचं नाव झालं, तुझी इज्जत झाली. अजून काय पायजे तुले?"

तिथे खुर्चीवर बसून मला तुझं ते कॅलेंडर लावणं आठवलं. तेव्हाही सगळ्यांचं भलंच झालं होतं.

संध्याकाळी दोन शब्द बोलायला उभं केलं. अंधारातले फोटो कसे काढायचे यावर बोलायचं होतं, चिठ्ठीवर मुद्दे होते. मी चिठ्ठी खिशातून काढली नाही. बोललो ते असं, गौरांगने रेकॉर्ड केलं आहे म्हणून शब्द बरोबर लिहितो:

"हा फोटो मी माझ्या मुलीला दिलेला नाही. सव्वीस वर्षांपूर्वी मी तो तिच्याकडून घेतला, तिला न विचारता. त्या रात्री मी फोटोकडे पाठ करून बसलो होतो आणि दर मिनिटाला तिला बंद कर म्हणत होतो. तिने ऐकलं नाही म्हणून हा फोटो आहे. त्यावर मी धंदा केला. ती कॅमेरा सोडून गेली तेव्हा मी तिच्या आईचं नाव पुढे केलं. सकाळपासून ज्यांनी माझा हात धरला, त्यांनी कृपा करून ते कौतुक परत घ्यावं."

मागे एकाने टाळी वाजवली, त्याला वाटलं भाषण संपलं. मग तीही थांबली. बाहेरच्या ऑटोचं मीटर पाडल्याचं मला ऐकू आलं. मी खाली येऊन बसलो. माझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या. रुपराव जाता जाता म्हणाला, "घरची गोष्ट चौकात कायले आणली?" आणि काल आणि आज सकाळी तो पेपर वाचायला आला नाही. येईल. किंवा नाही येणार.

आई तिसऱ्या रांगेत होती. मी तिला चल म्हटलं नव्हतं, ती आपली आपण आली होती, शाल पांघरून. सगळे पांगल्यावर ती तुझ्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. तो आपल्या घरात सव्वीस वर्षं होता, पण कॅलेंडरवर तळहाताएवढा, आणि मोठा काउंटरच्या मागे, तिकडे ती कधी येत नाही. तिने गौरांगला विचारलं, "हे खाली काय आहे, आरसा का?" तो म्हणाला, "पाणी आहे, काकू." ती म्हणाली, "बाप्पा. किती आहे."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "चला. थंडीत बसू नका." अठरा दिवसांतलं पहिलं बोलणं. घरी आल्यावर पुन्हा बंद. हे किती दिवस चालेल माहीत नाही, आणि घाई करा असं सांगण्याच्या जागी मी नाही.

गौरांगकडून निगेटिव्ह परत घेतलं. सोबत जाड पुठ्ठ्यात बटर पेपरमध्ये ते पाठवतो आहे, रजिस्टर पोस्टाने. सहा फोटोंची पट्टी आहे, तुझा चौथा. बाकीचेही तुझेच आहेत, एकात मी स्कूटरवर रागावून बसलेला दिसतो, तो मी कधी कोणाला दाखवला नाही. पट्टी कडेने धर. काउंटरमागची जुनी प्रिंट मी काढली. मागे शिक्का होता, तो खोडून ती परत लावता आली असती, पण खोडलं नाही. ती ट्रंकेत ठेवली, शिक्क्यासकट.

आता त्या निगेटिव्हची प्रिंट कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, ते तू ठरवायचं. आयुष्यभर लोक काउंटरच्या त्या बाजूला उभे राहून माझ्याकडे प्रिंटा मागत आले. मी कधी कोणाकडे मागितली नाही, त्यामुळे कसं मागतात ते नीट येत नाही. मला एक हवी आहे. आठ बाय दहा. मागे तुझ्या हाताने तुझं नाव लिहिलेली. नाही द्यावीशी वाटली तर देऊ नकोस, कारण कळवायची गरज नाही, मी आईलाही विचारणार नाही.

खाली आशीर्वाद लिहायला घेतला होता. आशीर्वाद मोठ्या माणसाने द्यायचा असतो, आणि या कामात मोठी तू आहेस. म्हणून

नमस्कार.

जागेश्वर हेडाऊ